ग्रंथालयातला संगणक वापरताना: बसण्याआधी, बसल्यावर आणि उठताना

तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयात मी संगणक विभाग सांभाळते. चार संगणक, एक प्रिंटर, एक स्कॅनर, आणि भरतीची जाहिरात निघाली की जिन्यापर्यंत गेलेली रांग. एका भरतीच्या शेवटच्या दिवशी दुपारच्या एसटीने एक मुलगी आली. सगळी कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत नीट लावलेली, पण फोटो मोबाइलमध्ये आणि मोबाइलची बॅटरी संपलेली. ईमेल भावाने कधीतरी काढून दिलेला, त्याचा पासवर्ड भावालाच ठाऊक आणि भाऊ कामावर. फोन चार्जिंगला लावला, भावाला गाठलं, ओटीपी आला, तोवर तिची पाऊण तासाची वेळ संपली होती. रांगेतल्या पुढच्या मुलाने आपली पाळी तिला दिली म्हणून संध्याकाळी वाचनालय बंद व्हायच्या आत तिचा अर्ज गेला.

तिला संगणक उत्तम चालवता येत होता. अडलं ते तयारीपाशी. आमच्याकडे येणाऱ्या दहा अडचणींपैकी आठ अशाच असतात: घरून निघताना राहून गेलेल्या, नाहीतर खुर्चीवरून उठताना विसरलेल्या. म्हणून या लेखात त्या दोन टोकांवर मी जास्त बोलणार आहे.

आधी फोन करा

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७चा आहे. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. ड वर्गाचं गावातलं छोटं वाचनालय बहुधा एका खोलीचं असतं, तिथे वाचकांसाठी संगणक असेलच असं धरून चालू नका. जिल्हा ग्रंथालयात आणि तालुक्याच्या मोठ्या वाचनालयात सोय असण्याची शक्यता जास्त. पण संगणक आहे म्हणजे इंटरनेट आहे असंही नाही. दारापाशी ठेवलेला संगणक बऱ्याचदा फक्त पुस्तकांची यादी शोधण्यासाठी असतो. त्यावर ई-ग्रंथालय किंवा कोहा यांसारखी प्रणाली चालू असते आणि तिच्यात पुस्तकाचं नाव घालून ते कोणत्या कपाटात आहे ते पाहायचं असतं. तो बंद करून ब्राउझर उघडायचा नाही.

फोनवर पाच गोष्टी विचारा. इंटरनेट चालू आहे का, सभासद नसलेल्यांना बसता येतं का, शुल्क किती, एका वेळी किती वेळ मिळतो, आणि प्रिंट निघते का. वेळ तर विचाराच, कारण आपल्याकडची बरीच वाचनालयं सकाळ आणि संध्याकाळ अशी दोन सत्रांत चालतात आणि दुपारी कुलूप असतं. साप्ताहिक सुट्टीही सगळीकडे रविवारी नसते. वीस किलोमीटरवरून येऊन बंद दारापुढे दोन तास बसून राहिलेली माणसं मी पाहिली आहेत.

पिशवीत काय हवं

कामाला लागेल तो फोन पूर्ण चार्ज केलेला, रिचार्ज असलेला, आणि ज्या नंबरवर ओटीपी येतो ते सिम त्यात घातलेलं. घरातल्या दुसऱ्या कुणाचा नंबर अर्जाला जोडलेला असेल, तर त्या माणसाला ‘अमुक वाजता ओटीपी येईल, तेव्हा फोन जवळ ठेव’ असं आधी सांगून ठेवा. ओटीपी काही मिनिटांतच निकामी होतो.

ईमेलचा पत्ता आणि पासवर्ड आदल्या दिवशी घरी तपासा. फोनमध्ये ईमेल उघडतो म्हणजे पासवर्ड आठवतोच असं नाही, कारण फोनने तो वर्षापूर्वी एकदाच विचारलेला असतो. ईमेल दुसऱ्याने काढून दिला असेल तर पासवर्ड बदलून आपल्या ताब्यात घ्या. नोकरीचं बोलावणं, हॉल तिकीट, निकाल, सगळं त्याच पत्त्यावर येणार असतं.

एक साधी वही आणि पेन ठेवा. अर्जाचा नोंदणी क्रमांक पडद्यावर दिसला त्याच क्षणी वहीत उतरवा. वीज गेली, साइट लटकली, तरी तो क्रमांक हाती असला की अर्धा भरलेला अर्ज पुन्हा उघडता येतो.

कागदपत्रं स्कॅन करून स्वतःला ईमेल करून ठेवली असतील तर फारच बरं. पेनड्राइव्ह आणणार असाल तर त्यात फक्त लागणाऱ्या फाइल ठेवा. घरचे फोटो, बँकेची पासबुकं, बहिणीच्या लग्नाचे व्हिडिओ असा सगळा संसार घेऊन येऊ नका. सार्वजनिक संगणकावर कुणाच्या पेनड्राइव्हमधून काय आलं असेल ते सांगता येत नाही. सगळ्या फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसू लागले, तर त्यावर क्लिक न करता लगेच आम्हाला हाक मारा. तो व्हायरस असतो. आतल्या फाइल सहसा गेलेल्या नसतात, नुसत्या लपवलेल्या असतात.

नोंदवही आणि ओळखपत्र

नाव, पत्ता, येण्याची वेळ, संगणकाचा क्रमांक, सही. पुष्कळांना हे खटकतं. ‘मी काय चोर आहे का?’ असं मला तोंडावर विचारलं गेलंय. सायबर कॅफेसाठी केंद्र सरकारने २०११मध्ये नियम केले. त्यांत ओळखपत्र पाहूनच बसू द्यायचं, नोंदवही किमान एक वर्ष जपायची, आणि आडोसा नसलेल्या संगणकांचे पडदे मोकळ्या जागेकडे तोंड करून ठेवायचे, असं सांगितलं आहे. हे नियम कॅफेंसाठी लिहिलेले असले तरी ग्रंथालयांतली नोंदीची पद्धतही त्याच वळणाची असते. उद्या एखाद्या संगणकावरून कुणाला धमकीचा मेल गेला, तर त्या वेळी तिथे तुम्ही नव्हता हे सिद्ध करणारा कागद म्हणजे हीच नोंदवही. तेव्हा जाण्याची वेळही लिहा. ती लिहायचं जवळजवळ सगळे विसरतात.

ओळखपत्र दाखवायचं आणि परत घ्यायचं. आधारची झेरॉक्स मागितली तर मतदार ओळखपत्र किंवा कॉलेजचं ओळखपत्र चालेल का, ते नम्रपणे विचारा. आधारच द्यावं लागलं तर मास्क्ड आधार द्या, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात.

खुर्चीवर बसल्यावर पहिली दोन मिनिटं

आधीच्या माणसाचं काही उघडं राहिलंय का ते पाहा. कुणाचा ईमेल किंवा व्हॉट्सॲप उघडं दिसलं तर न वाचता लॉग आउट करा आणि आम्हाला सांगा. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण कायदा बाजूला ठेवला तरी, उद्या आपलं खातं असंच उघडं राहिलं तर पुढच्याने काय करावं असं आपल्याला वाटेल, तेच करायचं.

मग ब्राउझरची खासगी खिडकी उघडा. क्रोम आणि एज यांत कंट्रोल, शिफ्ट आणि एन एकदम दाबायचं, फायरफॉक्समध्ये एनच्या जागी पी. या खिडक्या सगळ्या बंद केल्या की भेट दिलेल्या साइटची यादी आणि लॉग इन पुसलं जातं. एवढ्याने सगळं झाकलं जातं असं मात्र समजू नका. डाउनलोड केलेली फाइल संगणकातच राहते आणि ग्रंथालयाच्या नेटवर्कवरून तुम्ही कुठे गेलात याची नोंदही राहू शकते.

संगणक किती जुना आहे तेही पाहा. विंडोज ७ला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२०पासून सुरक्षेची दुरुस्ती देणं थांबवलं, विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयांत असे जुने संगणक अजून आहेत, कारण नवे घ्यायला पैसे नाहीत. त्यांवर वाचन करा, विश्वकोश पाहा, अर्ज भरा. बँकेचं खातं मात्र उघडू नका.

अर्ज भरताना: फोटो, सही आणि मराठी नाव

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून सावकाश सांगते.

मोबाइलने काढलेला फोटो तीन-चार एमबीचा असतो आणि अर्जाला हवा असतो केबीमध्ये. बँकांच्या नोकरभरतीसाठी आयबीपीएस ही संस्था घेत असलेल्या परीक्षांचं उदाहरण घ्या: फोटो २०० गुणिले २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी, सही १४० गुणिले ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी. प्रत्येक जाहिरातीत आकडे वेगळे असू शकतात, तेव्हा आपल्या जाहिरातीतले पाहा. वरची मर्यादा सगळे पाळतात, खालची विसरतात. १४ केबीचा फोटोही परत येतो.

फोटो लहान करायला कुठल्याही अनोळखी साइटवर चढवू नका. आपला चेहरा आणि आपली सही अशी दोन्ही कुणाच्या हाती देतोय ते आपल्याला कळत नाही. विंडोजमधलं पेंट पुरतं. फोटो पेंटमध्ये उघडा, आधी क्रॉप करून चेहरा आणि खांदे एवढाच भाग ठेवा. मग रीसाइझमध्ये जाऊन टक्क्यांऐवजी पिक्सेल निवडा आणि हवे ते आकडे घाला. लांबी-रुंदीचं प्रमाण राखण्याची खूण काढावी लागेल, नाहीतर एक आकडा घातला की दुसरा आपोआप बदलतो. क्रॉप नीट केलेलं असेल तर चेहरा दबलेला दिसत नाही. शेवटी ‘सेव्ह ॲज’ने जेपीईजीमध्ये नव्या नावाने ठेवा. मूळ फाइलवर सेव्ह केलंत तर मोठा फोटो गेला. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये केबी तपासा.

सही पांढऱ्या कोऱ्या कागदावर काळ्या शाईने करा. आयबीपीएसच्या अर्जांत इंग्रजी कॅपिटल अक्षरांतली सही चालत नाही. तशी सही करून बसलेली मुलंही माझ्याकडे येतात, रडकुंडीला आलेली.

अर्जात मराठी नाव मागितलं असेल तर ते युनिकोडमध्ये हवं. कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप करून चिकटवलेलं नाव तिथे वेडीवाकडी चिन्हं होऊन बसतं. विंडोज कळ आणि स्पेसबार दाबून भाषा बदलते. इन्स्क्रिप्ट कळफलकात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला असतात, क तर केच्याच कळीवर आहे. ज्यांच्या आडनावात ‘ऱ्ह’ आहे त्यांनी जरा थांबा. कऱ्हाडे हे नाव साध्या र ला हलंत देऊन (म्हणजे पाय मोडून) टाइप केलं तर ‘कर्हाडे’ होतं. शिफ्ट धरून इंग्रजी ‘जे’ची (J) कळ दाबली की नुक्त्याचा ऱ येतो, त्याला हलंत देऊन पुढे ह लिहायचा. दहावीच्या सनदेवर जसं आहे तसं अक्षर न् अक्षर जुळायला हवं, कागदपत्रं तपासताना पुढे हेच पाहतात. कळफलक जमत नसेल तर फोनवर लिहून स्वतःला ईमेल करा आणि तिथून कॉपी करा.

पैसे भरायचे असतील तर

कार्डाचा नंबर सार्वजनिक संगणकावर टाइप करू नका, हा माझा आग्रह आहे. दाबलेली प्रत्येक कळ गुपचूप नोंदवून ठेवणारे प्रोग्राम असतात आणि ते नुसतं पाहून ओळखता येत नाहीत. शुल्क भरण्याच्या पानावर यूपीआयचा पर्याय असेल तर पडद्यावर आलेला क्यूआर कोड आपल्या फोनने स्कॅन करा. पिन फोनवरच टाकला जातो, संगणकाला काहीच कळत नाही. पैसे गेले आणि पावती आली नाही, तर घाबरून लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहाराचा क्रमांक वहीत लिहा, थोडा वेळ थांबा, अर्जाच्या खात्यात शुल्काची स्थिती पाहा.

सातबाऱ्यासाठी पुष्कळ शेतकरी येतात. भूलेख या सरकारी साइटवर फुकट दिसणारा उतारा माहितीपुरता असतो, तो सरकारी कामाला चालत नाही. डिजिटल सहीचा उतारा लागतो, त्याला १५ रुपये पडतात. आधी कुठे द्यायचा आहे ते विचारून घ्या, म्हणजे दोनदा चक्कर होणार नाही.

आधार शक्यतो सार्वजनिक संगणकावर डाउनलोड करू नका, केलंच तर प्रत कायमची पुसा, असा सल्ला आधार प्राधिकरणानेच दिला आहे. त्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्माचं वर्ष. ओळखीच्या कुणालाही तो ओळखता येईल, तेव्हा पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

काय चालत नाही, आणि का

सिनेमे डाउनलोड करणं, गेम, नवे प्रोग्राम टाकणं, संगणकाची सेटिंग बदलणं आणि अश्लील काही उघडणं सगळीकडेच बंद असतं. एकच जोडणी चार संगणकांत वाटलेली असते. एकाने सिनेमा लावला की बाजूच्याचा अर्ज अडतो. व्हिडिओ पाहायचाच असेल, एखादं व्याख्यान वगैरे, तर हेडफोन आणा. फोनवर बोलायला बाहेर जा. आमच्याकडे पलीकडच्याच खोलीत अभ्यासिका आहे.

पुस्तकांच्या चोरट्या पीडीएफबद्दल वाचनालयात बसून बोलताना मला जास्तच वाईट वाटतं. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं लेखनाचा हक्क त्याच्या वारसांकडे असतो. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११पासून सगळ्यांसाठी खुलं आहे. हयात लेखकाचं पुस्तक फुकट उतरवून घेणं म्हणजे त्याच्या कष्टाचे पैसे बुडवणं. फुकट आणि रीतसर वाचायला बरंच आहे: मराठी विश्वकोश पूर्ण ऑनलाइन आहे, राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं त्यांच्या साइटवर आहेत, आणि आयआयटी खरगपूरने उभं केलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे.

वेळ संपली की उठायचं. काम थोडंच राहिलं असेल तर मागच्याला विचारा, आम्हाला नाही. पाळी त्याची आहे.

प्रिंट

कंट्रोल आणि पी दाबल्यावर आधी उजवीकडे किती पानं दिसतात ते पाहा. अर्जाच्या दोन पानांमागे सूचनांची अकरा पानं असतात आणि पैसे पानावर असतात. हवी तेवढीच पानं निवडा. प्रिंट आली नाही तर पुन्हा पुन्हा बटण दाबू नका, कागद भरला की सगळ्या प्रती एकदम बाहेर पडतात.

मुलं, आजी-आजोबा, आणि ज्यांना दिसत नाही

लहान मुलांसोबत मोठं माणूस बसायलाच हवं. अक्षरं बारीक वाटली तर कंट्रोल धरून अधिकचं चिन्ह दाबा, पान मोठं होतं. दृष्टिहीन वाचकांसाठी एनव्हीडीए नावाचा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम पूर्ण मोफत आहे. तुमच्या वाचनालयात तो नसेल तर मागणी लेखी द्या. तोंडी मागणी विसरली जाते, लेखी मागणी कार्यकारी मंडळापुढे ठेवावी लागते.

उठण्याआधीची पाच मिनिटं

वेळ संपायच्या पाच मिनिटं आधी काम थांबवा. उघडलेल्या प्रत्येक खात्यातून लॉग आउट करा. नुसती खिडकी बंद करणं म्हणजे लॉग आउट नव्हे. ब्राउझरने ‘पासवर्ड जपून ठेवू का’ असं विचारलं असेल आणि तुम्ही घाईत हो म्हणाला असाल, तर सेटिंगमध्ये जाऊन तो काढा. साधी खिडकी वापरली असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट दाबून इतिहास पुसा. पुसण्याआधी काळ ‘शेवटचा एक तास’ असा निवडा, सगळा नको.

मग डाउनलोड्स, डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स अशा तिन्ही जागा पाहा. आपल्या फाइल शिफ्ट आणि डिलीटने पुसा, म्हणजे त्या रिसायकल बिनमध्ये पडून राहत नाहीत. स्कॅनरच्या काचेवरचा कागद उचला. माझ्या टेबलाच्या खणात लोकांनी विसरलेल्या सनदांचा गठ्ठा आहे. त्यातली एक जात प्रमाणपत्राची मूळ प्रत आठ महिने पडून होती.

शेवटी व्हॉट्सॲप. प्रिंट काढायला म्हणून लोक व्हॉट्सॲप वेब उघडतात आणि प्रिंट घेऊन निघून जातात. एकदा एका बाईंचं खातं असंच उघडं राहिलं. मागून बसलेल्या आजोबांनी पडदा हाताने झाकून मला हाक मारली, तो हात मला अजून आठवतो. फोन घरी नेला तरी संगणकावरचं खातं चालूच राहतं, फोन बंद असला तरीही. तुम्ही ते तोडेपर्यंत किंवा फोन चौदा दिवस न वापरल्यामुळे ते आपोआप तुटेपर्यंत.

घरी गेल्यावर आठवलं तर

व्हॉट्सॲपमध्ये वरच्या तीन ठिपक्यांवर (आयफोनवर सेटिंगमध्ये) जाऊन ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडा, तिथे तो संगणक दिसेल, त्यावर बोट ठेवून लॉग आउट करा. गूगल खात्यात सुरक्षा विभागात तुमच्या उपकरणांची यादी असते, तिथून अनोळखी संगणक काढता येतो. त्यानंतर पासवर्ड बदला, याच क्रमाने. मग वाचनालयात फोन करून संगणकाचा क्रमांक आणि वेळ सांगा, आम्ही जाऊन पाहतो. लाजू नका, आठवड्यात एखादा तरी असा फोन येतोच.

पैसे गेल्याचा संदेश आला तर मात्र आधी १९३०. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. जितक्या लवकर फोन कराल तितकी पैसे पुढे सरकण्याआधी रोखले जाण्याची शक्यता जास्त. मग बँकेला कळवा, तक्रारीचा क्रमांक वहीत लिहा, आणि त्यानंतर आमच्याकडे या. त्या संगणकावर तुमच्याआधी आणि तुमच्यानंतर कोण बसलं होतं ते नोंदवहीत असतं, आणि पोलिसांनी मागितली की आम्ही ती त्यांच्यापुढे ठेवतो.